चोर सोडून संन्याशाला

स्टॉक लायब्ररीला स्वतःच्या रचना देणाऱ्या संगीतकाराकडे आपल्या वर्तुळात जरा खालच्या नजरेनेच पाहतात. रेकॉर्डिंगनंतरच्या चहाला विषय निघाला की ठरलेली वाक्यं ठरलेल्या क्रमाने येतात: ट्रॅक कवडीमोलाने गेला, हक्क गेला, नाव तर गेलंच, आणि असल्या लोकांमुळे बाकीच्यांचा भाव पडला. बोलणारे कच्चे नसतात. त्यांतले काही माझ्याहून कितीतरी सरस संगीतकार आहेत आणि त्यांचा रागही खोटा नाही. पण राग खरा असला म्हणून निदान बरोबर असतंच असं नाही. हक्क जाण्याचा आरोप मला साफ चुकीचा वाटतो, भावाचा आरोप भलत्याच ठिकाणी केलेला वाटतो, आणि ज्या गोष्टीवर खरोखर आवाज उठवायला हवा तिचा या यादीत उल्लेखही नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. स्टॉक लायब्ररी म्हणजे तयार संगीताचा साठा. जाहिरात, माहितीपट, लग्नाचा व्हिडिओ किंवा यूट्यूबचा कार्यक्रम करणारा तिथे येतो, ‘उत्साही’, ‘गूढ’, ‘ग्रामीण’ असे शब्द टाकून शोधतो, ऐकतो आणि ठरावीक वापराचा परवाना घेतो. त्या पैशातला वाटा संगीतकाराला मिळतो. ही काही इंटरनेटने आणलेली साथ नव्हे. लंडनची डी वुल्फ ही कंपनी १९०९ पासून हेच करते आहे. तेव्हा सिनेमा मुका होता आणि चित्रपटगृहातल्या वादकांना प्रसंगानुरूप छापील स्वरलिपी पुरवणं हा तिचा व्यवसाय होता. १९२४ साली एर्नो रापे याने पियानोवादकांसाठी काढलेल्या जाडजूड संग्रहातही रचना भाव आणि प्रसंग पाहूनच लावलेल्या आहेत. आजच्या लायब्ररीत डाव्या बाजूला ‘मूड’ची यादी दिसते, तिचं मूळ तिथे आहे.

आता हक्काचा मुद्दा. मुंबई-पुण्यात भाड्याने राहिलेल्या कोणालाही खरेदीखत आणि लीव्ह अँड लायसन्स यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. अकरा महिन्यांसाठी जागा दिली म्हणून घरमालक बेघर होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही हे दोन व्यवहार वेगळे आहेत: कलम १८ हक्कांच्या हस्तांतराचं, कलम ३० परवान्याचं. पुष्कळ लायब्रऱ्या संगीतकाराकडून नॉन-एक्स्क्लुझिव्ह परवाना घेतात. म्हणजे मालकी आपल्याकडे राहते, तीच रचना दुसऱ्या लायब्ररीला देता येते, स्वतःच्या अल्बममध्ये घालता येते, उद्या नोटीस देऊन काढूनही घेता येते. शिवाय जागेत एका वेळी एकच भाडेकरू मावतो, सुराला ती अडचण नाही.

याउलट ज्या कामांना आपण प्रतिष्ठेची समजतो तिथे काय होत आलं ते पाहा. १९७७ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी (म्हणजे आपली आयपीआरएस) आणि ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन यांच्यातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी संगीत करून घेतलं असेल आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक निर्माता. रचना केली संगीतकाराने, मालक झाला पैसे मोजणारा. पुढची ३५ वर्षं हाच निर्णय संगीतकारांच्या मानेवर बसलेला होता. २०१२ ची कायदादुरुस्ती, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत झगडले, ती झाल्यावर कुठे रॉयल्टीतला निम्मा वाटा गीतकार-संगीतकारांना सोडताच येणार नाही अशी तरतूद आली. सोडायचाच तर वारसांच्या किंवा कॉपीराइट सोसायटीच्या नावे. बाकी कोणाच्या नावे लिहून दिलंत तर तो करार त्यापुरता रद्दबातल.

आता लायब्ररीसाठी ट्रॅक कसा तयार होतो? संगीतकार घरच्या स्टुडिओत, स्वतःच्या मर्जीने, कोणीही न सांगता तो करतो. निर्माता नाही, मालक नाही, नोकरी नाही. त्यामुळे रचनेचा पहिला मालक तो. ध्वनिमुद्रणाचा खर्च आणि जबाबदारी त्याचीच, म्हणून ध्वनिमुद्रणाचा निर्माताही तोच, आणि कायद्याच्या भाषेत ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता. दोन्ही हक्क एका हातात. मालिकेचं शीर्षकगीत करणाऱ्या नामवंताकडे ही स्थिती क्वचित असते. त्याने स्टँप पेपरवर ‘सर्व माध्यमं, सर्व प्रदेश, कायमस्वरूपी’ असं लिहिलेल्या मजकुराखाली सही केलेली असते, बहुधा न वाचता, आणि बऱ्याचदा गाणं प्रक्षेपित होऊन गेल्यावर. तरीही ‘हक्क विकले’ हा शिक्का बसतो लायब्ररीवाल्यावर. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं म्हणतात ते हेच.

काही लायब्रऱ्या खरोखरच सगळे हक्क विकत घेतात, हे मी नाकारत नाही. स्टॉकहोममध्ये २००९ साली निघालेल्या एपिडेमिक साउंडच्या व्यवसायाचं सूत्रच ते आहे: संगीताचे हक्क कंपनीकडे, संगीतकाराला आगाऊ रक्कम आणि स्ट्रीमिंगच्या उत्पन्नात वाटा. त्यात फसवणूक नाही, सगळं उघड लिहिलेलं असतं. पण ते खरेदीखत आहे. ते करावं की करू नये हा वेगळा वाद, आणि तो घालताना लीव्ह अँड लायसन्सवाल्यांना मध्ये ओढू नये.

भावाच्या आरोपावर जरा रेंगाळायला हवं, कारण त्यात तथ्यही आहे आणि गफलतही. एका परवान्याचे पैसे थोडे असतात हे खरं. वर्गणी घेणाऱ्या लायब्ररीत तर ग्राहक वर्षाचे पैसे भरून हवे तेवढे ट्रॅक उतरवतो, आणि आपल्या वाट्याला येणारा आकडा पाहून हसावं की रडावं कळत नाही. पण जुन्या लायब्ररीचे संगीतकार श्रीमंत झाले ते परवान्याच्या किमतीवर नव्हे. अ‍ॅलन हॉकशॉ या इंग्रज संगीतकाराचं उदाहरण घ्या. १९७० च्या दशकात त्याने लायब्ररीसाठी ‘चिकन मॅन’ नावाची एक खट्याळ, उड्या मारणारी रचना केली. १९७८ मध्ये बीबीसीने ती ‘ग्रेंज हिल’ या शाळेवरच्या मालिकेला लावली. पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी वाहिनीवर ‘गिव्ह अस अ क्लू’ हा खेळाचा कार्यक्रम आला, त्यालाही तीच रचना! दोन वाहिन्या, एक सूर, आणि कोणी कोणावर दावा लावला नाही, कारण लायब्ररीचा परवाना दोघांकडेही होता. दर प्रक्षेपणाला रचना वाजली की सादरीकरणाच्या हक्काचे पैसे ब्रिटनच्या परफॉर्मिंग राइट सोसायटीतून, म्हणजे पीआरएसमधून, संगीतकाराकडे येतात. परवाना हे दार उघडण्याचं निमित्त, मिळकत त्यामागची.

म्हणून लायब्ररीच्या करारात किंमत पाहण्याआधी एक कलम शोधावं: सादरीकरणाच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा आपल्याकडे राहतो की नाही. ग्राहकाला ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणून सांगतात त्याचा अर्थ एवढाच, की त्याने पुन्हा पुन्हा लायब्ररीला पैसे द्यायचे नाहीत. वाहिनीने सोसायटीला द्यायचे पैसे त्यामुळे माफ होत नाहीत. हे न समजल्याने कित्येक संगीतकार आयपीआरएसचे सभासदच होत नाहीत, झाले तर रचना नोंदवत नाहीत, आणि मग लायब्ररीने लुटलं म्हणतात. दुसऱ्या टोकाचे लोक सभासद असतात आणि ‘मी कोणत्याही सोसायटीचा सभासद नाही’ असं लिहून घेणाऱ्या लायब्ररीलाही ट्रॅक देऊन टाकतात. कलम १९ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की सोसायटीला आधी दिलेल्या हक्कांशी विसंगत हस्तांतर रद्दबातल ठरतं. करार परदेशी कायद्याखाली असला तर हा बचाव कितपत टिकेल ते वकिलाला विचारावं. पण सहीपूर्वी विचारावं.

यावर ‘भारतात सोसायटीचे पैसे मिळतात कुठे?’ असं विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. आयपीआरएसची स्थापना १९६९ ची, पण नव्या कायद्याखाली तिची कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी झाली ती २०१७ मध्ये. रेडिओ केंद्रांनी ध्वनिमुद्रण वाजवलं तर गीतकार-संगीतकारांनाही रॉयल्टी द्यावी लागेल, असं मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात म्हटलं, त्यालाही एप्रिल २०२३ उजाडलं. म्हणजे नळ आत्ता कुठे सुटतो आहे. त्यातच आपल्या निर्मितीसंस्थांत क्यू शीट, म्हणजे कोणत्या भागात कोणाची रचना किती सेकंद वाजली याचा तक्ता, भरणं हे सगळ्यात धाकट्या सहायकावर ढकललेलं काम असतं. रचना वाजते, तक्ता कोरा राहतो; आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. पण हा दोष दळणाऱ्याचा कसा? लायब्ररीतून घेतलेल्या ट्रॅकला निदान शीर्षक, कर्त्याचं नाव, लांबी आणि क्रमांक हे तयार चिकटून येतं. तक्ता भरायचा झाला तर तोच सोपा पडतो.

नावाबद्दल फार बोलायला नको, कारण इथे आरोप करणाऱ्यांची स्मरणशक्ती तोकडी पडते. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद ज्यांनी उभा केला त्या गोव्याच्या सबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस यांना पडद्यावर किती वेळा नाव मिळालं? बैठकीमागे रोजंदारी, बस्स. गोन्साल्विसांचं नाव घरोघरी पोचलं ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी एका गाण्यातल्या पात्राला ते दिलं म्हणून. साल १९७७, योगायोगाने त्या निकालाचंच. लायब्ररीत निदान रचनेच्या पानावर नाव असतं. केविन मॅक्लाउडसारख्या संगीतकाराने तर नाव द्या आणि फुकट वापरा असाच परवाना ठेवला, आणि जगभरच्या व्हिडिओंखाली त्याचं नाव टाइप होत राहिलं. आणि हक्क हस्तांतरित झाले तरी कर्ता म्हणून नाव सांगण्याचा हक्क कलम ५७ खाली उरतोच.

बाजार बिघडल्याची तक्रार मात्र मी अर्धी मान्य करतो. आमच्या गावोगावच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याने लायब्ररी आली म्हणून संगीतकाराला काम देणं बंद केलं, असं झालेलं नाही. तो आधी सरळ सिनेमातलं गाणं उचलून लावत होता. यूट्यूबने २००७ साली कंटेंट आयडी आणलं, पुढे व्हिडिओवर दावे पडू लागले, तेव्हा कुठे तो परवाना विकत घ्यायला शिकला. हे गिऱ्हाईक लायब्ररीने चोरीच्या बाजारातून आणलं, आपल्या ताटातून नव्हे. छोट्या कंपनीची पाच मिनिटांची फिल्म, दुकानाची स्थानिक जाहिरात, संस्थेचा वार्षिक अहवाल ही कामं मात्र पूर्वी नवख्या संगीतकाराकडे यायची आणि आता येत नाहीत. तिथे नुकसान झालं आहे, आणि ते सोसणारा वर्ग नेमका शिकाऊंचा आहे. त्याला उत्तर म्हणून ‘मग त्यांनीही लायब्ररीला द्यावं’ हे पुरेसं नाही. माणसासमोर बसून ‘साहेब, इथे बासरी नको, शांतता ठेवू’ म्हणण्याची जी शिकवणी होती, ती अपलोडच्या खिडकीत मिळत नाही.

तिथे दुसरीच शिकवणी मिळते. समजा, संबळ आणि हलगीवर एक ट्रॅक केलात. सव्वादोन मिनिटांचा मूळ तुकडा, मग त्याचाच साठ, तीस आणि पंधरा सेकंदांचा अवतार, एक लूप, शेवटी एकच ठोका असलेला स्टिंगर, शिवाय तालवाद्यं, बास आणि सूर यांची वेगळी स्टेम्स. शेवट हळूहळू विरत गेला की परीक्षक परत पाठवतो, कारण संपादकाला कापायला कडक शेवट लागतो. मग वर्णन भरायचं. वाद्यांच्या यादीत तबला असतो, सतार असते, ढोल असतो. संबळ नसतो, हलगी नसते, तुतारीच्या जागी ट्रम्पेट निवडावा लागतो. शैलीत ‘बॉलीवूड’. मोकळ्या रकान्यात आपण ‘संबळ’, ‘गोंधळ’, ‘जागरण’ लिहितो खरे, पण ज्याला हे शब्द ठाऊक आहेत तोच ते शोधणार. हे चिडवणारं आहे. पण त्याचा उपाय ट्रॅक न देणं हा कसा असेल? आज गोंधळाच्या दृश्याखाली भांगड्याचा ढोल ऐकू येतो तो संपादकाला दुसरं काही सापडत नाही म्हणूनही.

आणि हलगी वाजवणाऱ्याचं काय? आपल्याकडे त्याला पाकीट मिळतं, कागद मिळत नाही. लायब्ररी मात्र प्रत्येक वादकाची लेखी संमती मागते. पहिल्यांदा हे झंझट वाटतं. पण २०१२ पासून व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीवर वादकाचाही हक्क कायद्याने मान्य केलेला आहे, आणि स्टुडिओत त्या वादकाच्या हातात त्याच्या कामाचा पहिला लेखी कागद कित्येकदा या झंझटीमुळेच पडतो. प्रतिष्ठित रेकॉर्डिंगांनी हे इतक्या वर्षांत केलं नाही.

संगीतकार स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतो, त्याचा एक नमुना सांगतो. ट्रॅक नॉन-एक्स्क्लुझिव्ह म्हणून लायब्ररीत ठेवला. महिन्याभराने तोच ट्रॅक अल्बम म्हणून वितरकाकडे दिला. फॉर्मवर ‘कंटेंट आयडीमध्ये नोंदवा’ असा चौकोन होता, त्यात खूण केली. झालं! आता ज्याने रीतसर परवाना घेतला, त्याच्याच व्हिडिओवर दावा लागतो आणि जाहिरातीचे पैसे वितरकाकडे वळतात. ग्राहक चिडतो, लायब्ररीला लिहितो, लायब्ररी संगीतकाराचं खातं गोठवते, आणि तो चहाच्या टपरीवर येऊन सांगतो की लायब्ररीवाल्यांनी फसवलं. कंटेंट आयडीत तेच संगीत चालतं ज्याचे एक्स्क्लुझिव्ह हक्क नोंदवणाऱ्याकडे आहेत. बऱ्याच जणांना दिलेला ट्रॅक तिथे बसत नाही. तयार लूपवर बांधलेलाही नाही, कारण तोच लूप आणखी हजार जणांकडे असतो.

आता जी ओरड व्हायला हवी आणि होत नाही तिच्याकडे येतो. मेटा कंपनीने २०२३ मध्ये म्युझिकजेन हे संगीत तयार करणारं मॉडेल प्रसिद्ध केलं. शब्दांत वर्णन लिहा, सूर मिळेल. सोबतच्या शोधनिबंधात ते कशावर शिकवलं ते लिहिलं आहे: २०,००० तासांचं परवाना घेतलेलं संगीत, त्यात शटरस्टॉकचे २५,००० आणि पाँडफाइव्हचे ३,६५,००० वाद्यसंगीताचे ट्रॅक. दोन्ही स्टॉक लायब्रऱ्या. हक्कधारकांशी करार करूनच हे झालं असंही तिथे नोंदवलं आहे, आणि मी त्यावर शंका घेत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. जाहिरातीखाली वाजणारा ट्रॅक आणि उद्या त्याच जाहिरातीखाली आपल्याऐवजी वाजणारं यंत्र शिकवायला वापरलेला ट्रॅक, हे दोन वापर एकाच परवान्यात बसवणं हा व्यवहार म्हणून अजब आहे. पहिल्यात दर वापराला मोबदला असतो. दुसऱ्यात एकदा शिकून झालं की त्या शिक्षकाची गरजच उरत नाही.

आणि या ठिकाणी कायदा माझ्या बाजूला पुरता उभा राहत नाही, हेही सांगून टाकतो. करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराची रीत अस्तित्वातच नव्हती, तिला हस्तांतर लागू होत नाही, तसा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय, ही २०१२ ची उत्तम तरतूद कलम १८ मध्ये आहे. परवान्यांना मात्र कलम ३०-अ ने जोडलं आहे ते कलम १९ शी. म्हणजे खरेदीखत करून देणाऱ्याला नव्या तंत्रापासून जे शब्दशः संरक्षण आहे, ते भाड्याने देणाऱ्याला तितक्या शब्दांत नाही. परवान्यात जेवढं लिहिलं तेवढंच दिलं, असा युक्तिवाद करता येतो आणि मी तो करीन. पण लायब्ररीच्या अटींत ‘आमच्या सेवा सुधारण्यासाठी व विकसित करण्यासाठी’ असं एक मऊ वाक्य असतं, आणि त्या युक्तिवादाची सगळी हवा तिथून जाते. सध्या मी अटींत तेवढंच वाक्य आधी शोधतो. शिकवणीच्या वापरातून बाहेर पडण्याची सोय खात्यात दिलेली असेल तर ती वापरतो, आणि ‘दृक्‌श्राव्य कृतीत जोडण्यासाठी’ एवढाच परवाना मागणाऱ्यांकडे ट्रॅक चढवतो. अशा लायब्रऱ्या कमी होत चालल्या आहेत.